मंत्रिमहोदय खुलासा करतील काय?

अबुधाबीचे मूळ बेट मागे टाकून विमानतळाच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला, पूल ओलांडून काही अंतर गेल्यावर, खलिफा सिटी नावाचे जे विस्तीर्ण उपनगर लागते, ते पाहून राज्यकारभाराचा विचार मनात यावा असे वरकरणी तेथे काही नाही. सरळ आखलेले रुंद रस्ते, वाळूच्या रंगाच्या कुंपणभिंती, त्यांच्या आड दुमजली बंगले, कोपऱ्यावर मशीद आणि जवळपास एखादे किराणा दुकान, असा हा सगळा देखावा आहे. एतिहाद या विमान कंपनीचे मुख्य कार्यालय येथे आहे. झायेद विद्यापीठाचे अबुधाबीतील आवारही २०११ पासून येथेच आहे. परंतु सरकारी सेवेत काही उणे आढळले तर त्याचा जाब कोणी आणि कोणाला विचारायचा, या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करू पाहणाऱ्या माणसाला हे उपनगर जितके शिकवते तितके एखादे जाडजूड पुस्तकही क्वचित शिकवील.

झायेद विद्यापीठाचेच पाहा. ते संयुक्त अरब अमिराती या संघराज्याचे विद्यापीठ असल्यामुळे त्याच्या कारभाराविषयी काही विचारायचे झाले तर ते संघराज्याच्या मंत्र्याला विचारावे लागते. पण त्याच विद्यापीठाच्या फाटकासमोरचा रस्ता, त्यावरील दिवे आणि पावसाचे पाणी वाहून नेणारी गटारे ही अबुधाबी अमिरातीच्या नगरपालिका खात्याकडे असून त्यांच्याशी संघराज्याच्या मंत्र्याचा काडीचाही संबंध नाही. नोकरीचा परवाना आणि कामगार कायदा संघराज्याचा, तर घरभाड्याचे नियम अमिरातीचे. या परिसरातील आणि शेजारच्या मुसफ्फामधील ज्या भारतीय शाळांत मराठी मुले जातात, त्यांचा घोळ तर याहून मोठा. कारण शाळेची फी किती वाढवावी याचा निर्णय अबुधाबीच्या शिक्षण खात्याकडे, आणि शाळा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न असेल तर दहावीच्या प्रश्नपत्रिकेत काय असावे याचा निर्णय थेट दिल्लीत. म्हणजे एकाच मुलाच्या दप्तरात दोन सरकारांचा कारभार भरलेला असतो, आणि त्या मुलाच्या बापाला यांपैकी एकाही ठिकाणी उभे राहून प्रश्न विचारता येत नाही.

त्याच्या वतीने, किंवा निदान त्याच्या शेजारच्या बंगल्यातील अमिराती नागरिकाच्या वतीने, प्रश्न विचारू शकणारी एक सभा अबुधाबीत आहे. तिला संघीय राष्ट्रीय परिषद म्हणतात. १९७१ साली संयुक्त अरब अमिराती अस्तित्वात आल्यावर, १२ फेब्रुवारी १९७२ रोजी तिची पहिली बैठक भरली. रास अल् खैमा ही सातवी अमिरात त्याच आठवड्यात संघराज्यात सामील झाली होती, आणि सभासदसंख्या ४० ठरली: अबुधाबी आणि दुबई यांचे प्रत्येकी ८, शारजा आणि रास अल् खैमा यांचे प्रत्येकी ६, आणि अजमान, उम्म अल् कुवैन व फुजैरा यांचे प्रत्येकी ४. राज्यघटनेतील ९३ वे कलम असे सांगते, की पंतप्रधान, उपपंतप्रधान किंवा संबंधित मंत्री यांनी परिषदेच्या कोणत्याही सदस्याने आपल्या अखत्यारीतील बाबींविषयी खुलासा मागितल्यास त्याला उत्तर दिले पाहिजे. बैठका सामान्यतः खुल्या असतात. त्या गुप्त ठेवायच्या तर सरकारने, अध्यक्षाने किंवा एक तृतीयांश सभासदांनी तशी मागणी करावी लागते.

प्रश्नाची रीत अशी. सभासद आपला प्रश्न लेखी स्वरूपात परिषदेच्या अध्यक्षांकडे देतो, तेथून तो मंत्र्याच्या कचेरीत जातो, आणि मंत्र्याकडून एक तर लेखी उत्तर येते किंवा मंत्री स्वतः बैठकीस हजर होतो. खरी मौज पुढे आहे. लेखी उत्तर समाधानकारक नाही असे प्रश्नकर्त्याला वाटले तर तो ते नाकारून मंत्र्याने समक्ष यावे असा आग्रह धरू शकतो, आणि असे आग्रह धरले गेल्याचे प्रसंग तेथील वृत्तपत्रांत अनेकदा छापून आलेले आहेत. समक्ष उत्तर ऐकल्यावर सभासदाला त्यावर आपले म्हणणे मांडता येते. विषय कोणते? खासगी कंपन्यांत स्वदेशी तरुणांना नोकऱ्या का मिळत नाहीत, निवृत्तिवेतनाचे नियम असे का, घरबांधणीच्या कर्जाची यादी इतकी लांब का, उत्तरेकडील अमिरातींतील रुग्णालयांत डॉक्टर पुरेसे का नाहीत. तेलावर तरंगणाऱ्या देशातही प्रजेचे गाऱ्हाणे अखेर नोकरी, घर आणि दवाखाना यांच्यापाशीच येऊन थांबते, हे पाहून आपल्याकडील आमदारांना परकेपणा वाटण्याचे कारण नाही.

मात्र या परिषदेच्या अधिकाराची हद्द स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयी लिहिताना बहुतेक जण तेथेच गडबड करतात. घटनेनुसार मंत्रिमंडळ राष्ट्राध्यक्षाला आणि सात अमीरांच्या सर्वोच्च परिषदेला जबाबदार आहे. या चाळीस सभासदांना नाही. ते मंत्र्याला प्रश्न विचारू शकतात, पण त्याला खुर्चीवरून उतरवू शकत नाहीत. विधेयके त्यांच्यापुढे येतात, त्यांवर चर्चा होते, दुरुस्त्या सुचवल्या जातात. पण शेवटचा शब्द त्यांचा नसतो. ९२ व्या कलमानुसार एखाद्या सार्वजनिक विषयाची चर्चा राष्ट्राच्या सर्वोच्च हितास बाधक आहे असे मंत्रिमंडळाने कळवले तर ती चर्चाच होत नाही. राजकीय पक्षांना परवानगी नाही. आणि पहिली चौतीस वर्षे तर सर्वच्या सर्व चाळीस सभासद आपापल्या अमीराने नेमलेले असत.

तरीदेखील नेमलेल्या माणसांनीही कधी कधी अवघड विषयावर तोंड उघडले आहे. १९७९ साली या परिषदेने आणि मंत्रिमंडळाने मिळून अमीरांच्या सर्वोच्च परिषदेपुढे एक संयुक्त निवेदन ठेवले आणि अमिरातींनी आपापले सुभे वेगवेगळे न ठेवता खऱ्या अर्थाने एक राज्य व्हावे अशी मागणी केली. त्या वेळी परिषदेचे अध्यक्ष होते तरयम ओमरान तरयम, ‘अल् खलीज’ या वृत्तपत्राच्या संस्थापकांपैकी एक. त्या निवेदनाने देशात बरीच खळबळ उडाली, आणि त्याच वर्षी दुबईचे अमीर शेख राशिद पंतप्रधान झाले. प्रश्न विचारण्याच्या हक्काचा हा परिषदेच्या इतिहासातील सर्वात मोठा आविष्कार म्हणावा लागेल, जरी तांत्रिक दृष्ट्या तो प्रश्न नव्हता.

ज्यांच्या नावाने खलिफा सिटी वसली त्या शेख खलिफा बिन झायेद यांनी, २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, पुढच्याच वर्षी परिषदेचे अर्धे सभासद निवडणुकीने येतील असे जाहीर केले. २००६ च्या डिसेंबरातील पहिल्या निवडणुकीत मतदारमंडळ सात हजारांहूनही लहान होते आणि तेही अमीरांनीच निवडलेले. २०११ मध्ये ते सुमारे १ लाख २९ हजारांवर गेले आणि २०२३ मध्ये चार लाखांच्या जवळ पोचले. २००६ मध्ये निवडून आलेल्या एकमेव स्त्री सभासद अमल अल् कुबैसी या २०१५ साली परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. अरब जगात राष्ट्रीय परिषदेच्या अध्यक्षस्थानी बसलेली ती पहिली स्त्री. २०१९ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, ज्या बाबतीत आपण अद्याप कायदा करून त्याच्या अंमलबजावणीची वाट पाहत आहोत. परंतु याच कहाणीचे दुसरे पान असे, की २०११ च्या मार्च महिन्यात १३३ नागरिकांनी सर्वांना मताधिकार आणि परिषदेला खरे कायदे करण्याचा अधिकार मिळावा असा अर्ज राष्ट्राध्यक्षांकडे केला, आणि त्यांतील काहींना पुढे तुरुंगाची वाट धरावी लागली. मंत्र्याला प्रश्न विचारण्याची मुभा आणि राज्यव्यवस्थेलाच प्रश्न विचारण्याची मुभा या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या देशात पहिलीच दिलेली आहे.

असे असताना हा तुटपुंजा हक्क कौतुकास पात्र आहे काय? प्रस्तुत लेखकाचे मत असे, की आहे. आणि ते मत बनण्याचे कारण आपल्या स्वतःच्या इतिहासात सापडते. हिंदुस्थानातील कायदे कौन्सिलांच्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार १८९२ च्या कायद्याने मिळाला, तेव्हा तोही असाच लंगडा होता. सूचना आगाऊ द्यायची, अध्यक्ष तो प्रश्न नामंजूर करू शकत असे, आणि उत्तर आल्यावर पुरवणी प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. ती १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी, आणि तीही केवळ मूळ प्रश्नकर्त्यापुरती, आली. सभासद थोडे, निवडणूक आडवळणाची, कार्यकारी सत्ता सर्वस्वी गव्हर्नराच्या हाती. अशा मुंबईच्या कौन्सिलात १८९५ साली टिळक निवडून गेले आणि १८९९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले. हात बांधलेल्या सभेतही आकड्यांचा नीट अभ्यास करून सरकारला बोलते करता येते, हे गोखल्यांनी पुढे १९०२ पासून मध्यवर्ती कौन्सिलात अंदाजपत्रकावरील भाषणांनी दाखवून दिले. त्यांच्यापाशीही मंत्री काढून टाकण्याची सत्ता नव्हती. होती ती एवढीच, की सरकारला सर्वांसमक्ष उत्तर देण्यास भाग पाडायचे आणि ते उत्तर दप्तरी नोंदवून ठेवायचे.

पूर्ण अधिकार हाती आल्यावर एक साधा प्रश्न काय करू शकतो, हे स्वतंत्र भारतात १९५७ साली दिसले. आयुर्विमा महामंडळ स्थापन होऊन वर्ष उलटले नव्हते तोच त्याने हरिदास मुंद्रा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या घरातील शेअर्स घेतले. त्या सप्टेंबरात लोकसभेत राम सुभग सिंग यांनी याबाबत विचारणा केली तेव्हा सरकारकडून मोघम उत्तर मिळाले. ते मोघम होते म्हणूनच आणखी प्रश्न निघाले. डिसेंबरात फिरोझ गांधींनी, सत्ताधारी पक्षाचेच आणि पंतप्रधानांचे जावई असूनही, कागदपत्रांच्या आधारे सगळे प्रकरण सभागृहात मांडले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांची चौकशी मुंबईत उघडपणे चालली, लोक ती ऐकायला गर्दी करीत, आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सुरुवात अशा एका प्रश्नाने झाली होती की ज्याला टाळाटाळीचे उत्तर देता येईल असे कचेरीतल्या कोणालातरी वाटले होते.

आता ही यंत्रणा आपल्याकडे कशी चालते ते वाचकाने एकदा जवळून पाहावे. महाराष्ट्र विधानमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या यादीतील कोणताही तारांकित प्रश्न घ्या. त्याचा साचा बहुधा असा असतो: अमुक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याचे माहे जून मध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तदनुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि खाली उत्तर: हे अंशतः खरे आहे. पुढच्या सर्व भागांना एकत्र कंस घालून: प्रश्न उद्भवत नाही. ज्या आमदाराने तालुक्यातील रुग्णांची हकीगत ऐकून, कागद जमवून, मुदतीत सूचना देऊन हा प्रश्न पाठवला, त्याच्या पदरात या तीन शब्दांपलीकडे काही पडू नये म्हणून मंत्रालयातील एखादा अव्वल कारकून किती बुद्धी खर्च करतो, याची कल्पना बाहेरच्या माणसाला येणार नाही.

आणि इथेच ताऱ्याचे महत्त्व आहे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर सभासदांना पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर मिळते. लोकसभेत पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि चिठ्ठ्या टाकून एका दिवसासाठी वीस तारांकित व दोनशे तीस अतारांकित प्रश्न निवडले जातात. त्या विसांपैकी प्रत्यक्षात तोंडी उत्तरापर्यंत जेमतेम काहीच पोचतात. कारकुनाने लिहून दिलेले छापील उत्तर वाचून दाखवणे कोणत्याही मंत्र्याला जमते. पुरवणी प्रश्न मात्र त्याला एकट्याने झेलावा लागतो, आणि मधु लिमये यांच्यासारखा नियमावली कोळून प्यालेला सभासद उठून उभा राहिला की सत्ताधारी बाकांवर चुळबुळ सुरू होई ती याच कारणाने. लिमये पुण्याचे, आणि निवडून जात बिहारमधून. परंतु मराठी माणसाला संसदीय प्रश्नांचा वारसा सांगायचा असेल तर गोखल्यांनंतर त्यांचे नाव टाळता येत नाही.

उत्तर मिळाल्यानंतर काय होते, हा भाग बहुतेकांना ठाऊक नसतो. मंत्र्याने सभागृहात “तपासून पाहू” किंवा “माहिती घेऊन सभागृहापुढे ठेवू” असे म्हटले तर ते आश्वासन समजले जाते. लोकसभेत १९५३ पासून अशा आश्वासनांची नोंद ठेवून त्यांची पूर्तता झाली की नाही हे पाहणारी समिती आहे. तीन महिन्यांच्या आत पूर्तता व्हावी असा शिरस्ता आहे. महाराष्ट्रातही अशी आश्वासन समिती आहे. या समित्यांच्या अहवालांना वृत्तपत्रांत दोन ओळींचीही जागा मिळत नाही, आणि सभात्याग मात्र पहिल्या पानावर छायाचित्रासह येतो.

हा हक्क आपण कसा वापरतो याविषयी फार न बोललेलेच बरे. २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेच्या अकरा सभासदांचे सदस्यत्व रद्द झाले, आणि त्यांत खानदेशातील दोन खासदार होते. २०२० च्या सप्टेंबरातील अधिवेशनात साथीचे कारण सांगून प्रश्नोत्तराचा तासच वगळण्यात आला. अन्य वेळी तो गोंधळात बुडतो, सभागृह बारापर्यंत तहकूब होते, आणि त्या दिवशीची तारांकित उत्तरे न वाचताच पटलावर ठेवली जातात. म्हणजे मंत्र्याला पुरवणी प्रश्नाच्या धोक्यातून विरोधकांनी स्वतःच्या हाताने सोडवलेले असते. अबुधाबीच्या चाळीस सभासदांना जे नाही ते सगळे आपल्या दोनशे अठ्ठ्याऐंशी आमदारांना आहे: पक्ष, अविश्वासाचा ठराव, स्थगन प्रस्ताव, लक्षवेधी सूचना, कपात सूचना. मंत्र्याने लेखी उत्तर पाठवले तर “नको, समक्ष या” असे म्हणण्याची जी धडपड तेथील सभासद करतात, ती पाहून आपल्याकडील एका मोकळ्या तासाची किंमत कळायला हवी.

राहिला तो खलिफा सिटीतील मराठी भाडेकरू. अमिरातींत भारतीयांची वस्ती पस्तीस लाखांहून अधिक आहे, पण ते नागरिक नसल्यामुळे संघीय राष्ट्रीय परिषदेत त्यांचा मतदार म्हणून संबंध येत नाही, आणि येण्याची अपेक्षाही कोणी करीत नाही. त्यांचे सभागृह दिल्लीत आहे. परदेशात मरण पावलेल्यांचे पार्थिव आणण्यातील दिरंगाई, मालकाने अडकवून ठेवलेले वेतन, तुरुंगातील कैदी, सणासुदीला दुप्पट-तिप्पट होणारी विमानभाडी, या सर्व विषयांवर परराष्ट्रमंत्री आणि विमानवाहतूकमंत्री यांना लोकसभेत प्रश्न येतात, आणि ते वारंवार विचारणारे सभासद मुख्यत्वे केरळचे असतात. यामागे एक आकडा आहे. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांना मतदारयादीत नाव घालण्याची सोय २०११ पासून झाली. मात्र मतदान करायचे तर पारपत्र घेऊन स्वतः आपल्या गावच्या केंद्रावर जावे लागते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी अशा मतदारांची एकूण नोंद सुमारे १ लाख १९ हजार होती. त्यांतले जवळजवळ नव्वद हजार एकट्या केरळचे. प्रत्यक्ष मत देणारे देशभरात तीन हजारही नव्हते, पण त्यांतले बहुसंख्य केरळातच उतरले होते. महाराष्ट्रात नोंद होती सुमारे पाच हजारांची, आणि मत दिले सतरा जणांनी.

आपल्या प्रश्नांना दिल्लीत कोणी वाली नाही, अशी तक्रार आखातातील मराठी बैठकांत ऐकू येते. तिला पहिले उत्तर हे, की नमुना ६-अ भरून मतदारयादीत नाव घालण्यासाठी भारतात यावे लागत नाही. तो अर्ज अबुधाबीत बसून करता येतो. दुसरे, की आपल्या मूळ मतदारसंघाच्या खासदाराला नेमकी तारीख, नेमके खाते आणि नेमकी तक्रार लिहून पाठवली तर त्यातून प्रश्न तयार होतो. नुसत्या हळहळीतून तो होत नाही. पुढच्या अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की पंधरा दिवसांच्या सूचनेचा हिशेब धरून ते पत्र पाठवावे.